राघोबादादांचा वकील, एडमंड बर्क आणि क्रांतीची भीती

१७८१ साली लंडनजवळच्या बीकन्सफील्ड गावी एका इंग्रज खासदाराने आपल्या बागेतलं काचघर एका मराठी ब्राह्मणाला राहायला दिलं. ब्राह्मणाचं नाव हणमंतराव. रघुनाथराव पेशव्यांनी, म्हणजे आपल्या राघोबादादांनी, कंपनी सरकारच्या वरच्या मालकांकडे दाद मागायला त्याला विलायतेला पाठवलं होतं. सोबत मणियार रतनजी हा पारशी गृहस्थ आणि त्याचा मुलगा. लंडनमध्ये त्यांची कुणी विचारपूस करेना. ही हकिकत त्या खासदाराच्या कानावर गेली आणि तो त्यांना घरी घेऊन आला. हणमंतरावाला आपला आचार सांभाळता यावा, कुणाची शिवाशीव होऊ नये, म्हणून घरापासून वेगळी अशी ही काचेची जागा त्याला मोकळी करून दिली.

या यजमानाचं नाव एडमंड बर्क. नऊ वर्षांनी त्याने फ्रेंच राज्यक्रांतीवर एक पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या परंपरावादी राजकीय विचाराचा तो मूळपुरुष ठरला. राज्यशास्त्र शिकवताना बर्कवर आले की मी आधी ही काचघराची गोष्ट सांगते. कारण पाठ्यपुस्तकात बर्क भेटतो तो क्रांतीला घाबरलेला, राजाराणीच्या बाजूचा, जुन्याला चिकटलेला म्हातारा म्हणून. दुसऱ्याचा धर्म आणि आचार पाहून हसू न येणारा, त्यामागे काही शहाणपण असेल असं मानणारा बर्क त्यात नसतो. खरं तर त्याच्या सगळ्या विचाराची सुरुवात तिथूनच होते, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूकही तिथेच आहे.

बर्कचा जन्म १७२९चा, डब्लिनचा. वडील प्रोटेस्टंट वकील, आई कॅथलिक. आयर्लंडमध्ये त्या काळी कॅथलिकांना कायद्याने जवळपास अर्धं माणूस केलेलं होतं, त्यामुळे सत्ता हातात असलेला वर्ग दुसऱ्याचं काय करू शकतो हे त्याने घरातच पाहिलं. इंग्लंडच्या राजकारणात तो टोरींमध्ये गेला नाही, राजाच्या अधिकाराला आवर घालू पाहणाऱ्या व्हिग पक्षात राहिला. अमेरिकेतल्या वसाहती कर द्यायला नकार देऊ लागल्या तेव्हा त्याने २२ मार्च १७७५ रोजी पार्लमेंटमध्ये समेटाच्या बाजूने भाषण केलं. बळाने तात्पुरतं दबवता येतं, पण पुन्हा पुन्हा जिंकत बसावं लागणाऱ्या लोकांवर राज्य करता येत नाही, हा त्या भाषणाचा गाभा. अशा माणसाने १७८९ साली फ्रान्सकडे पाहून टाळ्या वाजवाव्यात अशी त्याच्या मित्रांची अपेक्षा होती. त्याने वाजवल्या नाहीत.

बॅस्टिलचा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पडला. ऑगस्टमध्ये सरंजामदारांचे विशेष हक्क एका रात्रीत रद्द झाले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बायका पावासाठी चालत व्हर्सायला गेल्या आणि राजघराण्याला शहरात घेऊन आल्या. नोव्हेंबरमध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पुढे त्यांच्या तारणावर कागदी चलन निघालं. देशाचे जुने प्रांत मोडून त्रेऐंशी नवे विभाग आखले गेले. लंडनमध्ये रिचर्ड प्राइस नावाच्या वृद्ध धर्मोपदेशकाने या सगळ्याचं जाहीर स्वागत केलं आणि त्याला उत्तर म्हणून १ नोव्हेंबर १७९० रोजी बर्कचं पुस्तक बाहेर पडलं.

पुस्तक पत्राच्या रूपात आहे. एका तरुण फ्रेंच गृहस्थाला लिहिलेलं, प्रकरणं नसलेलं, मनात येईल तसं वाहत जाणारं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. समाज म्हणजे आज जिवंत असलेल्यांनी आपसांत केलेला व्यवहार नाही. जे गेले, जे आहेत आणि जे अजून जन्मायचे आहेत त्या सगळ्यांचा तो सामाईक ठेवा आहे. म्हणून कोणत्याही एका पिढीने आपण मालक आहोत असं समजून तो विकून टाकू नये. एका माणसाची बुद्धी तोकडी असते. रूढी, संस्था, कायदे यांत अनेक पिढ्यांनी चुका करत साठवलेली समज असते. ती मोडून टाकायला एक दुपार पुरते, उभी करायला शतकं लागतात. बर्क बदलाच्या विरोधात नव्हता, हे त्याच पुस्तकात त्याने स्पष्ट लिहिलं आहे. ज्या राज्याला बदलता येत नाही त्याला टिकताही येत नाही, असं तो मानी. त्याचा राग होता तो कागदावर आधी समाज आखून मग माणसांना त्यात बसवू पाहणाऱ्यांवर.

त्याने केलेलं भाकीत आजही अंगावर येतं. १७९० साली राजा सोळावा लुई जिवंत होता, गिलोटिनचा पहिला वापर व्हायला अजून दीड वर्ष होतं, आणि बहुतेकांना वाटत होतं की क्रांती उरकली, आता घटना लिहिली की झालं. तेव्हा बर्कने लिहिलं की जुन्या निष्ठा तोडल्यावर सैन्याला बांधून ठेवणारं काही उरणार नाही. काही काळ बंडं आणि गट माजतील, मग सैनिकांची मनं जिंकण्याची कला असलेला एखादा सेनापती पुढे येईल आणि तोच साऱ्या प्रजासत्ताकाचा धनी होईल. त्या वेळी नेपोलियन एकवीस वर्षांचा, तोफखान्यातला दुय्यम अधिकारी होता. राजाचा शिरच्छेद जानेवारी १७९३ मध्ये झाला, राणीचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियनने सत्ता घेतली. बर्क १७९७ मध्येच वारला होता. विसाव्या शतकात मॉस्कोपासून नॉम पेन्हपर्यंत काय घडलं ते आठवलं की हे पुस्तक टीका करण्यासाठी का होईना, प्रत्येक क्रांतिवाद्याने वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पिढ्यांनी साठवलेली समज म्हणजे नेमकं काय, हे मला बर्क वाचून कळलं नाही. ते कळलं पांझरा नदीच्या काठी. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, आणि आजोबांची जमीन फडात होती. फड पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका हंगामात एका फडात एकच पीक. ऊस कुठे, गहू-बाजरी कुठे आणि कोणता फड कोरडवाहू राहील हे दरवर्षी फिरतं. प्रत्येकाचा जमिनीचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो, त्यामुळे पाणी कमी झालं तर तोटा सगळ्यांना थोडा थोडा होतो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. हे तीनशे-चारशे वर्षं चाललं. कुणी एकाने बसून ते शोधून काढलं नव्हतं. वरच्या अंगाला धरण झाल्यावर पाण्याच्या पाळ्या कार्यालयातल्या तक्त्यावर ठरू लागल्या. तक्ता चुकीचा होता असं नाही, हिशेब बरोबरच असेल. पण फडाच्या नियमांमध्ये नुसती पाण्याची वाटणी नव्हती. कुणाची तक्रार कुणी ऐकायची, टंचाईच्या वर्षी कुणी आधी थांबायचं, शेपटाकडच्या शेतकऱ्याला काय भरपाई, हे सगळं त्यात मुरलेलं होतं. ते गेल्यावर माणसं विहिरी आणि पंपांकडे वळली, जो तो आपापला. आजोबा म्हणायचे, “पाणी आलं, पंचायत गेली.” फ्रान्सचे प्रांत मोडून आखलेले नवे विभाग बर्कला का खुपले, ते मला या वाक्यामुळे समजलं.

आणि याच फडात जागल्याचं घर होतं. रात्रभर पिकाभोवती फिरणारा, रानडुकरं आणि चोर हाकलणारा माणूस. त्याला सुगीच्या वेळी पेंढ्या आणि धान्य मिळे. फडात जमीन नव्हती, म्हणून पंचायतीत तोंड उघडायची सोय नव्हती. ही व्यवस्था शेकडो वर्षांच्या शहाणपणातून आली, असं आजोबांनी मोठ्या मायेने सांगावं आणि ते खरंही असावं. पण त्या शहाणपणात त्या माणसाला कधी कुणी विचारलं होतं का? बर्कच्या विचाराला विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि तो पहिल्यांदा एका बाईने विचारला.

मेरी वोल्स्टनक्राफ्टचं उत्तर बर्कच्या पुस्तकानंतर महिन्याच्या आत छापून आलं, पहिल्या आवृत्तीवर नाव न घालता. बर्कने राणी मारी आंत्वानेतच्या अपमानावर पानंच्या पानं हळहळ व्यक्त केली होती. राणीला पूर्वी व्हर्सायमध्ये पाहिल्याची आठवण काढून तो शौर्याचं युग संपल्याचं दुःख करतो. वोल्स्टनक्राफ्टने विचारलं की पोटासाठी राबणाऱ्या, मासळी-भाजी विकणाऱ्या बायकांच्या दुःखावर या माणसाच्या डोळ्यांत पाणी का येत नाही? ज्या मालमत्तेला आणि वारशाला तो पवित्र मानतो ती कुणाच्या कष्टांवर उभी आहे? थॉमस पेनने १७९१ मध्ये दुसरा घाव घातला. मेलेल्या माणसांना जिवंतांवर राज्य करण्याचा अधिकार कुणी दिला, प्रत्येक पिढी स्वतःपुरती मोकळी असली पाहिजे, हा त्याचा मुद्दा. बर्कने सामान्य जनतेला डुकरांची उपमा दिल्याचा राग इंग्लंडच्या कारागिरांनी पुढे अनेक वर्षं मनात धरला.

लोकशाहीबद्दल बर्क काय म्हणत होता, तेही नीट पाहायला हवं. ब्रिस्टलच्या मतदारांनी १७७४ मध्ये त्याला निवडून दिलं तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितलं की मी तुमचा निरोप्या नाही. माझी विचारशक्ती तुमच्या सेवेला आहे आणि तुमच्या मतापुढे ती गहाण टाकली तर मी तुमचा घात करीन. नंतर आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांचे हक्क या प्रश्नांवर त्याने ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना न रुचणारी भूमिका घेतली आणि १७८० मध्ये ती जागा गमावली. स्वतःच्या तत्त्वाची किंमत त्याने मोजली, हे मला आवडतं. फ्रान्सवर लिहिताना त्याने आणखी एक गोष्ट मांडली. बहुमताचा जुलूम राजाच्या जुलमापेक्षा वाईट ठरू शकतो. राजाने छळलं तर लोक तुमच्या बाजूने उभे राहतात. लोकांनीच छळलं तर दाद कुणाकडे मागणार? शिवाय गर्दीत अपराध इतक्या जणांत वाटला जातो की लाज कुणालाच वाटत नाही. आपल्या देशात जमावाने माणूस मारल्याची बातमी वाचते तेव्हा मला हे आठवतं.

पण हाच बर्क ज्या पार्लमेंटचं गुणगान करत होता त्यात ओल्ड सेरमसारख्या, नावाला मूठभर मतदार उरलेल्या ठिकाणाहून दोन सदस्य जात आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला एकही जागा नव्हती. बर्क स्वतः पहिल्यांदा निवडून आला तो वेंडोव्हरमधून, एका उमरावाच्या मुठीतल्या मतदारसंघातून. बहुमताची भीती बाळगणाऱ्याने अल्पमताच्या या मक्तेदारीकडे इतक्या शांतपणे पाहावं, हे मला पटत नाही. त्याच्यानंतरच्या परंपरावाद्यांमध्ये जोसेफ द मेस्त्र तर क्रांती ही देवाची शिक्षा आणि सत्तेचा आधार जल्लाद, इथपर्यंत गेला. मला त्याच्यात रस वाटत नाही. या परंपरावाद्यांपेक्षा वेगळा निघाला फ्रेंच विचारवंत तोकव्हिल. क्रांतीनंतरही राज्याचं केंद्रीकरण तसंच चालू राहिलं, राजेशाहीने सुरू केलेलं काम क्रांतीने पुरं केलं, हे त्याने १८५६ मध्ये कागदपत्रं तपासून दाखवलं. परंपरावादी चिंता आणि लोकशाहीवरचा विश्वास एका माणसात नांदू शकतात, हे त्याला वाचून कळतं.

आता हिंदुस्थानकडे. १ डिसेंबर १७८३ रोजी फॉक्सच्या इंडिया बिलावर बोलताना बर्कने कंपनीने मोडलेल्या शब्दांची यादीच सभागृहापुढे ठेवली. त्यात राघोबादादा आहेत. कंपनीने आधी मराठी राज्य राघोबाला विकलं आणि मग राघोबालाच पेशव्यांना विकून टाकलं, असं तो म्हणाला. सुरतेच्या तहापासून सालबाईच्या तहापर्यंतचा सगळा व्यवहार त्याने एका वाक्यात बसवला. फेब्रुवारी १७८८ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला. आशियात मनमानी सत्ताच चालत आली आहे, मीही तीच वापरली, असा हेस्टिंग्जचा बचाव होता. बर्कने तो फेटाळला. मनमानी सत्ता कुणाकडेच नसते, राजाकडे नाही, कंपनीकडे नाही, म्हणून ती कुणी कुणाला देऊही शकत नाही. देश बदलला म्हणून नीती बदलत नाही. सात वर्षांनी, एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण पॅरिसच्या क्रांतिकारकांवरचा आणि कलकत्त्याच्या गव्हर्नरवरचा बर्कचा आरोप एकच होता, हे माझ्या विद्यार्थ्यांना दिसावं अशी माझी धडपड असते. दोघांनीही आपल्याला समजत नसलेला, पिढ्यान्पिढ्या वाढलेला समाज आपल्या हातातली वस्तू समजून वापरला.

या खटल्याच्या सुरुवातीच्या भाषणात बर्कने हिंदू समाजाची ओळख करून दिली. प्राचीन कायदे, विद्वान ब्राह्मण, जातींची घट्ट वीण, आणि जातीबाहेर टाकलं जाणं ही मरणापेक्षा भयंकर शिक्षा. इंग्रजांनी या साऱ्याचा मान राखावा, हा त्याचा हेतू उदात्त होता. ती वीण खालून कशी दिसते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या काचघरात उतरलेला पाहुणा ते सांगणाराही नव्हता.

ते सांगणारा माणूस पुण्यात निघाला, आणि त्याच्या हातात बर्कच्या विरोधकाचं पुस्तक होतं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. १८४८ मध्ये मुलींची शाळा, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाज, या सगळ्यामागे मेलेल्यांची सत्ता नाकारणारा पेन आहे. दुसरीकडे विद्यापीठात शिकलेल्या रानडे-गोखल्यांच्या पिढीवर बर्कची छाप होती. रानड्यांना सुधारणा म्हणजे आधीपासून चालत आलेल्या कामाची पूर्तता वाटे, आणि समाज एकदम तोडता येत नाही हे ते पुन्हा पुन्हा सांगत. पण बर्कचं म्हणणं कुणाच्या हाती कसं लागेल याचा नेम नसतो. १८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारं विधेयक आलं. रानडे, भांडारकर, तेलंग यांनी त्याला पाठिंबा दिला. समाजाने स्वतःहून सुधारावं, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे, हा टिळकांचा आक्षेप होता. युक्तिवाद म्हणून तो हलका नाही. फक्त ज्या मुली समाजाची सुधारणा होईपर्यंत थांबणार होत्या त्या दहा वर्षांच्या होत्या. आमच्या वर्गात या मुद्द्यावर चर्चा येते तेव्हा मुली बोलायला लागतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

बर्क आणि पेन या दोघांनाही पूर्ण पचवलेला माणूस आपल्याकडे एकच झाला असं मी मानते. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी शास्त्रांची सत्ता उखडायला सांगितलं, आणि लगेच पुढे बर्कचा आधार घेतला: खरा धर्म हा समाजाचा पाया असतो, या मताशी आपण सहमत आहोत. जात मोडायला निघालेल्या लेखात बर्क! १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत नेहरूंच्या ध्येयांच्या ठरावावर चर्चा चालली होती. मुस्लिम लीग आत येईपर्यंत थांबावं, अशी उपसूचना मुकुंदराव जयकरांनी मांडली होती. बाबासाहेब बोलायला उभे राहिले आणि बहुमत हातात असलेल्या काँग्रेसला त्यांनी बर्कचं अमेरिकेवरचं १७७५चं भाषण ऐकवलं. सत्ता देणं सोपं, शहाणपण देणं अवघड, हेही त्यांनी बर्कच्याच नावाने सांगितलं.

तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी आता रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रहसुद्धा सोडा, घटनात्मक वाट उघडी असताना बाकी सगळं अराजक आहे, असं बजावलं. बर्कला हे ऐकून समाधान वाटलं असतं. पण त्याच भाषणात, घटना दुरुस्त करण्याची सोय का ठेवली हे सांगताना, त्यांनी आधार घेतला तो प्रत्येक पिढीला स्वतंत्र राष्ट्र मानणाऱ्या जेफरसनचा. तो पेनचा सूर आहे.

घटनेत बऱ्याच गोष्टी हळूहळू व्हाव्यात अशी तजवीज आहे. मार्गदर्शक तत्त्वं राज्याने जमेल तसं करत जावीत अशी आहेत, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत होती. कलम १७ मात्र वेगळं आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, एवढंच ते सांगतं, आणि ती पाळायला मनाई करतं. तिथे मुदत नाही, टप्पे नाहीत, रूढीला विचारणं नाही.